आईची नाडी आणि भिंतीवरचं कालनिर्णय

रोज सकाळी चहाआधी मी आईचं मनगट हातात घेते. अंगठ्याच्या मुळाखाली तीन बोटं हलकेच टेकवायची आणि घड्याळात बघत पूर्ण एक मिनिट मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर इथे हिशेब चुकतो, कारण ठोके तालात पडतच नाहीत. दोन लगोलग येतात, मग थांबतात, मग एक जोरात, पुढचा इतका बारीक की बोटाला लागतो न लागतो. घरात कुणाची नाडी अशी लागली तर ईसीजी काढून घ्या. नाडीवरून शंका येते, निदान ईसीजीनेच होतं.

याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत राहतात. तिथे रक्त साचून गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की अर्धांगवायू. आईच्या हृदयातली मायट्रल झडप (डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधली) लहानपणीच्या रूमॅटिक तापाने अरुंद झालेली आहे, त्यामुळे तिला हा धोका जास्तच.

तिला गोळ्या दोन. मेटोप्रोलॉलने धडधड कमी होते आणि बरं वाटतं. ॲसिट्रॉमने, म्हणजे रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीने, काहीच वाटत नाही. म्हणूनच माणसं हीच गोळी सोडतात. धडधड थांबली तरी ही स्वतःच्या मनाने बंद करू नका. रक्त न तपासता घ्यायच्या नव्या गोळ्या निघाल्या आहेत, पण झडप आईसारखी बरीच अरुंद असेल तर त्या देत नाहीत.

आयएनआर म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा रक्ततपासणीतला आकडा; जितका जास्त, तितकं रक्त पातळ. आईचा तो २ ते ३ मध्ये राहायला हवा. महिन्याला तपासतो, डोस बदलला की लवकर. ॲसिट्रॉम सोमवार, बुधवार, शुक्रवार ३ मिलिग्रॅम, बाकी दिवस २. गोळी गिळल्यावरच कालनिर्णयाच्या चौकोनात आकडा लिहायचा, आधी नाही. चौकोन रिकामा दिसला तरी दुसऱ्या दिवशी दुप्पट घ्यायची नाही.

दोन वर्षांपूर्वी गुडघा दुखतो म्हणून तिने मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्या आणल्या. चौथ्या दिवशी दात घासताना बेसिन लाल झालं. आयएनआर ६.२! मला तेव्हा रडूच कोसळलं. आता ताप, खोकला, दाढ, काढा, काहीही असो, आधी डॉक्टरांना फोन.

मेथी-पालक बंद करा असं नातेवाईक सांगतात. बंद करायची गरज नाही, आठवड्याचं प्रमाण सारखं ठेवा. मोठे उपवास करायचे तर आधी विचारा, कारण खाणं बदललं की आयएनआरही हलतो.

तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोलणं अडखळलं तर वेळ लिहा आणि थेट सीटी स्कॅन असलेल्या हॉस्पिटलात न्या. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांतच देता येतं, आणि ते द्यायचं की नाही हे डॉक्टर आयएनआर बघून ठरवतात. डोक्याला मार लागला, डांबरासारखी काळी शौच झाली, तरीही थांबू नका. आईची फाइल म्हणूनच कपाटात नसते. दाराजवळच्या खिळ्याला पिशवीत टांगलेली असते, सगळ्यात वर ताजा आयएनआर.