वाडीच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

कृषी नाहीतर वनशास्त्राची पदवी घेतलेली मुलंमुली अधूनमधून विचारतात, "वाडी प्रकल्पात काम करायचंय, आधी काय वाचू?" वाचायला पुष्कळ आहे. पण जव्हार-मोखाड्याकडे काही वर्षं काढल्यावर माझं मत असं झालंय की झाडांचं शास्त्र कामावर शिकता येतं. आधी समजून घ्यायचं ते त्या घराचं वर्ष कसं सरतं ते.

वाडी म्हणजे आदिवासी कुटुंबाच्या साधारण एक एकर वरकस, म्हणजे उताराच्या हलक्या जमिनीवर आंबा-काजूची कलमं, कडेने कुंपणाची आणि सरपणाची झाडं, मधल्या मोकळ्या जागेत नागली, वरई, उडीद. मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळी कांचनला उभी केलेली बाएफ संस्था. तिने १९८२ मध्ये गुजरातच्या वांसदा भागात हे काम सुरू केलं. पुढे नाबार्डच्या आदिवासी विकास निधीमुळे ते अनेक राज्यांत पोचलं. महाराष्ट्रात १९९० पासून रोजगार हमीतून फळबाग लागवड होतीच, त्यामुळे आपल्याकडे खड्डे खणण्याचा अनुभव दांडगा. झाड जगवण्याचा तेवढा नाही.

कारण साधं आहे. जव्हारला पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात पडतो, पण उतारावरून धो धो वाहून जातो. दिवाळीच्या पुढेमागे कापणी-झोडणी उरकली की घरंच्या घरं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात, ती पावसाच्या तोंडावर परततात. कलमाला पाणी लागतं नेमकं फेब्रुवारी ते मे. म्हणजे झाडाला माणूस हवा तेव्हा माणूस गावात नाही. "भट्टीवर जाऊ नका" असं सांगणारे साहेब मी पाहिलेत. पण कणगीतलं धान्य संपतं तेव्हाच भट्टीमालकाची उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलेली असते, ती फेडायला जावंच लागतं. तेव्हा लाभार्थी निवडताना जमिनीच्या खोलीआधी हे विचारा: मागे घरी कोण राहतं, पाणी किती लांब, हंडा कोण वाहतं? म्हातारी सासू मागे राहत असेल तर तिला झेपेल एवढीच झाडं लावा. दहा मीटरवर एक असा हिशेब धरला तर एकरी चाळीस आंबे बसतात, म्हणून चाळीस लावलेच पाहिजेत असं कुठं आहे? बुडाशी भोक पाडून वात घातलेलं मडकं कलमाजवळ पुरायचं आणि भोवती पालापाचोळ्याचं जाड आच्छादन द्यायचं. दोन्हींचा खर्च नगण्य आणि हंड्याच्या खेपा बऱ्याच वाचतात.

एका बैठकीत मी केशर आंब्याच्या भावाबद्दल बोलत होतो. मागे बसलेल्या एका मावशींनी विचारलं, "याचा टहाळ राबाला निघंल का?" इथं रोपं टाकायच्या जागेवर आधी राब भाजतात. शेण, टहाळ, पाचोळा, वर माती असे थर देऊन पावसाआधी पेटवायचं; तणाचं बी मरतं आणि राख खताला होते. टहाळ येतो ऐनासारख्या झाडांच्या तोडलेल्या फांद्यांचा, आणि ती झाडं आता लांब गेलीत. त्यांच्या लेखी झाडाची पहिली किंमत ही होती, आंबा नंतर. त्यानंतर कडेला काय लावायचं हे मी कधीच एकट्याने ठरवलं नाही. कुणाला सरपण हवं असतं, कुणाला बांबू, तर कुणाला शेळीला पाला. गिरिपुष्प लावा असं पुस्तक सांगतं आणि ते चांगलंच झाड आहे, पण घरात कुणी मागितलेलं नसेल तर पहिल्याच चराईत जातं. भात निघाल्यावर गुरं मोकाट सुटतात हे विसरू नका. कुंपण नाही तर वाडी नाही.

तांत्रिक गोष्टींत एक मात्र पहिल्या आठवड्यात हाताने शिका. कलमाच्या जोडावरची प्लॅस्टिकची पट्टी वेळेवर सोडायची, नाहीतर ती खोडात रुतते. जोडाखालून येणारा फुटवा दिसला की काढायचा. तो कोवळा, तांबूस, जोमदार असतो, घरच्यांना वाटतं झाडाने जीव धरला. प्रत्यक्षात ज्यावर कलम बांधलं तो खालचा रायवळ, म्हणजे गावठी आंबा, वर येतो आणि केशरची काडी वाळून जाते. लागवड करताना जोड मातीच्या वर ठेवा.

आंबा धरायला चार-पाच वर्षं लागतात, तोवर मधल्या जागेवर घर चालतं. तिथली नागली-वरई काढून नुसता भाजीपाला लावायचा आग्रह मला पटत नाही. विकायला काही हवंच, पण खायचं पीक शेतातून गेलं की उचल आणखी वाढते. अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंनी गावरान बियाण्याचं केवढं काम उभं केलंय, ते जमलं तर जाऊन पाहा. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

कागदपत्रांची धास्ती नको, पण सातबारा, वनहक्काचा दावा आणि सागवानाच्या तोडीची परवानगी या तिन्ही गोष्टी समजून घ्या. बांबूची भानगड तुलनेने कमी, कारण २०१७ च्या दुरुस्तीने भारतीय वन कायद्यातल्या वृक्षाच्या व्याख्येतून तो वगळला गेला.

शिक्षणाचं म्हणाल तर दापोलीचं वनशास्त्र महाविद्यालय झाडांसाठी उत्तम, ग्रामीण विकासासाठी टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं (टिस) तुळजापूर केंद्र, व्यवस्थापनाकडे कल असेल तर आणंदची ग्रामीण व्यवस्थापन संस्था, इर्मा. समाजकार्याची पदवी घेतलेलेही इथं छान रुळतात. सुरुवातीचा पगार बेताचा, दुचाकी चालवता येणं जवळजवळ अटच.

मुलाखतीत तुम्हीही दोन प्रश्न विचारा. जगलेली झाडं कोण मोजतं, आणि कोणत्या महिन्यात? ऑगस्टमधली मोजणी सगळीकडे हिरवीगार असते. मे महिन्यातली मोजणी दाखवणारी संस्था मिळाली तर पगार थोडा कमी असला तरी तिथं जा. आणि शक्य असेल तर रुजू व्हा मार्चमध्ये, गाव निम्मं रिकामं असताना.