‘बायपोलर’चे निदान पुन्हा कसे तपासून घ्यावे

मनोविकारतज्ज्ञांच्या चिठ्ठीवर वरच्या कोपऱ्यात ‘बीपीएडी’ अशी चार अक्षरे लिहिलेली असतात. घरच्यांना त्यांचा अर्थ बहुधा मोबाइलवर शोधूनच कळतो: बायपोलर अफेक्टिव्ह डिसऑर्डर, म्हणजे द्विध्रुवी विकार, ज्यात मन काही काळ उन्मादाच्या आणि काही काळ नैराश्याच्या टोकाला जाते. एकदा ही अक्षरे फाईलमध्ये शिरली की पुढचा प्रत्येक डॉक्टर ती आधीच्या चिठ्ठीवरून उतरवून घेतो, आणि काही वर्षांनी ती मुळात कोणी, कोणत्या दिवशी, कशावरून लिहिली हे सांगणारे कोणी उरत नाही. ज्यांना हे निदान मिळाले आहे आणि ते बरोबर आहे का अशी रास्त शंका ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी व त्यांच्या घरच्यांसाठी हे टिपण आहे. मी डॉक्टर नाही. माझ्या मावसबहिणीचे हे निदान साडेतीन वर्षांनी मागे घेतले गेले, आणि त्या काळात दवाखान्यांच्या बाकांवर मी तिच्याशेजारी बसले, एवढाच माझा अधिकार.

सर्वांत आधी एक बंधन पाळावे: शंका आली म्हणून औषध स्वतःहून बंद करू नये. निदान खरे असेल आणि लिथियम, म्हणजे या आजारात मन स्थिर ठेवणारे औषध, एकाएकी थांबवले, तर उन्मादाचा झटका उलटून येण्याचा धोका वाढतो. निदान चुकीचे असेल तरीही घाई अंगाशी येते, कारण झोप आणणारी औषधे अचानक तुटली की झोप उडते, चिडचिड होते, जीव अस्वस्थ होतो, आणि नेमकी हीच लक्षणे मग ‘बघा, आजार आहेच’ याचा पुरावा म्हणून फाईलमध्ये जाऊन बसतात. तरुण स्त्रियांना मात्र एक वेगळी सूचना आहे. चिठ्ठीवर व्हॅल्प्रोएट असेल आणि गर्भधारणेची शक्यता असेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच आठवड्यात डॉक्टरांना गाठावे, कारण या औषधाने गर्भाच्या मज्जारज्जूत दोष निर्माण होऊ शकतो आणि मुलाच्या बौद्धिक वाढीवरही परिणाम होऊ शकतो. तिथेही औषध बदलण्याचा निर्णय डॉक्टरांसमोर बसूनच व्हावा.

आता शंकेला आधार किती, ते पाहू. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड रुग्णालयात मार्क झिमरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाह्यरुग्ण विभागातील ७०० जणांच्या सविस्तर, ठरावीक आराखड्याच्या मुलाखती घेतल्या आणि २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या ७०० पैकी १४५ जणांना पूर्वी कधीतरी ‘तुम्हाला बायपोलर आहे’ असे सांगितले गेले होते. मुलाखतीच्या कसोटीवर ते निदान निम्म्यांहून कमी लोकांत, ४३.४ टक्क्यांत, टिकले. मुलांच्या बाबतीत चित्र आणखी विलक्षण होते. अमेरिकेत १९९४-९५ मध्ये दर १ लाख लोकसंख्येमागे २० वर्षांखालील मुलांच्या या निदानासह झालेल्या दवाखान्याच्या भेटी २५ होत्या; २००२-०३ पर्यंत त्या १,००३ झाल्या. आठ वर्षांत मुलांचे मेंदू चाळीसपट बदलत नाहीत. बदलली होती ती निदान करणाऱ्यांची नजर. सतत चिडणाऱ्या, आदळआपट करणाऱ्या मुलांना सरसकट बायपोलर म्हटले जाऊ लागले होते, आणि त्याला आळा बसावा म्हणून २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांचे निकष ठरवणाऱ्या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या ग्रंथाच्या पाचव्या आवृत्तीत, अशा मुलांसाठी निराळे निदान घालावे लागले.

हे आकडे अमेरिकेचे आहेत, ते जसेच्या तसे आपल्याकडे लावू नयेत. आपल्याकडची मोठी अडचण अजूनही उपचार न मिळण्याची आहे, आणि खरा बायपोलर वर्षानुवर्षे ओळखला न गेलेली माणसेही पुष्कळ आहेत. पण चूक होण्याची यंत्रणा दोन्हीकडे सारखीच आहे: थोडा वेळ, ‘मूड फार बदलतो’ हे एक वाक्य, आणि ज्याला औषध आहे ते निदान करण्याकडे झुकणारा हात.

त्यामुळे तपासणीची सुरुवात ‘मूड’ या शब्दापासून करू नये. दिवस मोजण्यापासून करावी. ज्याचा मूड बदलत नाही असा माणूस मी अजून पाहिलेला नाही. बायपोलरची व्याख्या चढउतारावर नसून कालखंडावर उभी आहे. डीएसएम-५ प्रमाणे उन्मादाचा, म्हणजे मॅनियाचा, कालखंड किमान एक आठवडा टिकावा लागतो (रुग्णालयात दाखल करावे लागले तर ही अट उरत नाही), आणि सौम्य उन्मादाचा, म्हणजे हायपोमॅनियाचा, किमान सलग चार दिवस. त्या काळात दिवसाचा बहुतेक वेळ, जवळजवळ रोज, मन चढलेले किंवा चिडखोर असले पाहिजे आणि अंगातला उत्साह व हालचालही वाढलेली असली पाहिजे. २०१३ च्या आवृत्तीने ही दुसरी अट मुद्दाम जोडली. त्याखेरीज झोपेची गरज कमी होणे, बोलण्याचा सपाटा, विचारांची धावपळ, स्वतःविषयी भलत्या कल्पना, बेफाम खर्च यांसारख्या सात लक्षणांपैकी तीन, आणि मन केवळ चिडखोर असेल तर चार, दिसावी लागतात. हा माणूस नेहमीचा नाही, हे इतरांच्या लक्षात यावे लागते. सकाळी हसणारा आणि संध्याकाळी रडणारा माणूस दुःखी असू शकतो, पण एवढ्यावरून तो बायपोलर ठरत नाही.

घरी करायचे काम ते हेच. निदान ज्या घटनेवरून झाले ती घटना तारखेनिशी पुन्हा उभी करावी. कोणत्या दिवशी सुरू झाली, कोणत्या दिवशी ओसरली, मधल्या प्रत्येक रात्री किती तास झोप झाली, आदल्या आठवड्यात काय घडले होते, कोणते औषध नवीन सुरू झाले होते, दारू किंवा गांजा होता का, हे सगळे एका कागदावर लिहून काढावे. स्मृती दगा देते, म्हणून बँकेचा एसएमएस, रेल्वेचे तिकीट, कार्यालयाची हजेरी असे जे सापडेल त्याच्याशी पडताळून घ्यावे. आमच्या घरी हे काम भिंतीवरच्या कालनिर्णयाने केले. मावशी दुधाच्या हिशेबासाठी जुनी कालनिर्णये जपून ठेवते. ज्या महिन्यात निदान झाले त्याच्या पानावर दुधाच्या खाड्यांच्या फुल्या होत्या, आणि त्यांच्याच बाजूला तिने बारीक पेन्सिलीने ‘भांडण’, ‘जेवली नाही’, ‘फोन आला’ असे लिहून ठेवले होते. त्या महिन्यात बहिणीचा साखरपुडा मोडला होता. वाईट दिवस सलग नव्हतेच. ते फोनच्या दिवशी यायचे आणि दुसऱ्या दिवशी विरून जायचे.

तेच पान घेऊन आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. पहिल्या ठिकाणी निदानाला पंधरा मिनिटे लागली होती. इथे दीड तास गेला, आणि त्यातली निम्मी उत्तरे बहिणीकडून नव्हे, मावशीकडून घेतली गेली. ‘काकू, ती रात्रभर जागी असायची म्हणता, मग दुसऱ्या दिवशी कशी असायची?’ असे त्यांनी विचारले. मावशी म्हणाली, ‘कशी असणार? आंबून जायची. दुपारचं ताट तसंच टाकून झोपायची.’ डॉक्टरांनी हे वाक्य जसेच्या तसे लिहून घेतले. उन्मादात माणूस दोन-तीन तास झोपतो आणि तरी सकाळी ताजातवाना उठून कामाला लागतो, कारण त्याची झोपेची गरजच कमी झालेली असते. चिंतेत झोप लागत नाही आणि दुसरा दिवस रखडत जातो. साडेतीन वर्षे फाईलमध्ये ‘झोप कमी’ एवढेच लिहिलेले होते. या दोन शब्दांत दोन निराळे आजार मावतात.

बायपोलरसारखे दिसणारे पण बायपोलर नसलेले बरेच काही असते, आणि दुसरे मत घेताना यांची नावे घेऊन विचारण्यात गैर काही नाही. सर्वांत जास्त गल्लत होते ती बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकाराशी. त्यात मन तासातासाला उलटते, आणि ते बहुधा जवळच्या माणसाच्या बोलण्यामुळे किंवा सोडून जाण्याच्या भीतीने उलटते. त्यावर मुख्य उपचार औषधांचा नाही, ठरावीक पद्धतीच्या दीर्घ मानसोपचाराचा आहे, आणि ‘बायपोलर’ म्हटल्यामुळे नेमका तोच राहून जातो. लहानपणापासून चालत आलेली एडीएचडीची (लक्ष न टिकण्याच्या व अतिचंचलतेच्या विकाराची) अस्वस्थता, आघातानंतरची दचकणारी अवस्था, दारू व गांजा यांचाही विचार व्हावा. थायरॉइड वाढल्याने माणूस धडधडत, चिडत, जागत राहू शकतो, म्हणून टीएसएच ही रक्तचाचणी झाली आहे का ते पाहावे. दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी दिलेली स्टिरॉइडची गोळी मन चढवू शकते. नैराश्यावरची गोळी सुरू केल्यावर चार दिवसांत आलेली तगमग हा एकटाच पुरावा असेल, तर तो पुरेसा आहे का, हे स्पष्ट विचारावे. गोळीचा परिणाम ओसरल्यावरही पूर्ण लक्षणे टिकली तरच त्याला स्वतंत्र उन्माद म्हणता येते.

प्रश्नावल्यांविषयी थोडे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण हल्ली निम्मी निदाने फोनवरच होऊ लागली आहेत. या प्रश्नावल्यांत सर्वांत परिचित अशी २००० साली प्रसिद्ध झालेली ‘मूड डिसऑर्डर क्वेश्चनेअर’ आहे. तिच्यात १३ हो-नाही प्रश्न आहेत. सात होकार यावेत, ते एकाच काळातले असावेत, आणि त्यांमुळे आयुष्यात बऱ्यापैकी अडचण आलेली असावी, अशा तिच्या तीन अटी आहेत. लोक पहिली अट मोजतात आणि तिथेच थांबतात. पण तिन्ही मोजल्या तरी गणित आडवे येते. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आयुष्यात कधीतरी हा विकार झालेल्यांचे प्रमाण सुमारे ०.५ टक्के आढळले, म्हणजे १,००० माणसांत पाच. समजा एखादी प्रश्नावली या पाचांतल्या चौघांना ओळखते आणि उरलेल्या ९९५ पैकी फक्त दहा टक्क्यांना चुकून बोट लावते. तरीही बोट लागलेली माणसे सुमारे १०४ होतात, आणि त्यांतली खरी चार. चाळणी म्हणजे निदान नव्हे. ती फक्त कोणाला नीट तपासायचे एवढे सांगते.

फाईल मागण्यात संकोच करू नये. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २५ प्रमाणे रुग्णाला आपल्या मूलभूत वैद्यकीय नोंदी मिळण्याचा हक्क आहे. त्याच कायद्याचे कलम ३ त्याहून उपयोगी आहे, आणि ते फारसे कोणी वाचत नाही. निदान देशात किंवा जगात मान्य असलेल्या वैद्यकीय निकषांनुसारच व्हावे, असे ते म्हणते. आणि पूर्वी उपचार घेतले किंवा दाखल झालो, एवढ्यावरूनच आज आजार आहे असे ठरवता येत नाही, असेही ते म्हणते. दवाखान्यात हे कलम फडकावू नये, त्याने फक्त वातावरण बिघडते. पण ते आपल्या मनाशी असावे. प्रत्यक्ष बोलताना ‘माझे निदान चुकले आहे’ अशी सुरुवात न करता ‘माझा उन्मादाचा कालखंड कोणता मानला आहे, आणि तो किती दिवसांचा होता?’ असे विचारावे. बहुतेक चांगले डॉक्टर या प्रश्नाने दुखावत नाहीत. पहिल्या भेटीलाच जास्त वेळ लागेल हे नाव नोंदवताना सांगावे, आणि ज्याने तो काळ डोळ्यांनी पाहिला असे एक माणूस बरोबर न्यावे.

या टिपणाचा दुरुपयोगही होऊ शकतो, हे मला ठाऊक आहे. आठ दिवस न झोपता धंद्याच्या नव्या कल्पना सांगत सुटलेला, घर गहाण टाकायला निघालेला माणूस ‘मला काहीही झालेले नाही, डॉक्टरच चुकीचे आहेत’ असे ठामपणे म्हणतो, आणि तेवढ्यापुरते त्याला पटवूनही देता येते. म्हणून घरच्यांनी शंका कोण घेते आहे हेही पाहावे. कधी दाखल करावे लागले असेल, भास किंवा भ्रम झाले असतील, रक्ताच्या नात्यात हा आजार असेल आणि लिथियमवर वर्षे शांत गेली असतील, तर निदान भक्कम आहे असे धरून चालावे. औषधाचे त्रास कमी करण्यावर बोलावे, लिथियमची रक्तातली पातळी, थायरॉइड आणि मूत्रपिंड वेळेवर तपासून घ्यावे. रात्री-अपरात्री गरज पडली, किंवा मनात जीव देण्याचे विचार आले, तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक मोफत आहे.

निदान मागे घेतले गेले, तर ते तोंडी राहू देऊ नये. निदान बदलल्याची तारीख, कारण आणि नवे निदान डॉक्टरांच्या सही-शिक्क्यानिशी लिहून घ्यावे आणि ते पान फाईलमध्ये सर्वांत वर लावावे, नाहीतर पुढच्या अपघात विभागात कोणीतरी जुनी चिठ्ठी पाहून पुन्हा तीच चार अक्षरे उतरवील. औषध कमी करण्याचे वेळापत्रकही लेखीच घ्यावे; माझ्या बहिणीचे अकरा महिने चालले, आणि दर पायरीनंतर तीन आठवडे फक्त वाट पाहायची होती. त्या काळातही कालनिर्णयावर झोपेचे तास लिहिणे चालू होते. औषध संपल्यानंतर ते आणखी एक वर्ष लिहावे, असे डॉक्टरांनी सांगितले आहे, आणि मावशी दुधाच्या खाड्यांशेजारी ते अजून लिहिते.