गोष्ट सुचते, चित्रंही काढता येतात. चित्रपुस्तक कसं करायचं?

"चित्रं बरी येतात, गोष्टही लिहून झालीय, आता प्रकाशकाकडे कशी पाठवू?" असं विचारणाऱ्यांना मी आधी एवढंच विचारते, की डमी, म्हणजे पुस्तकाची हाताने केलेली कच्ची प्रत, केलीय का? बहुतेकांनी केलेली नसते. एका फाइलमध्ये गोष्ट असते आणि वेगळ्या फोल्डरमध्ये तीन-चार देखणी चित्रं. पण पुस्तकाला अजून सुरुवातच झालेली नसते.

मी लहान मुलांसाठी चित्रपुस्तकं लिहिते आणि त्यांची चित्रंही काढते. या कामात मला सगळ्यात उशिरा कळलेली आणि सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे चित्रपुस्तक पान उलटण्यावर उभं असतं. काय आत्ता दाखवायचं आणि काय पुढच्या पानासाठी राखायचं, हे ठरवणं हेच खरं लेखन. ते संगणकाच्या पडद्यावर कळत नाही. हातात घेऊन पानं उलटावी लागतात.

म्हणून आठ कोरे ए-फोर कागद घ्या, एकावर एक ठेवून मधोमध दुमडा आणि घडीवर दोन पिना मारा. ३२ पानांची वही तयार होते, हीच तुमची डमी. हा आकडा छापखान्यातून आलेला आहे. मोठ्या कागदाच्या दोन्ही बाजूंवर मिळून १६ पानं छापली जातात, त्याला फॉर्म म्हणतात. दोन फॉर्मचं पुस्तक ३२ पानांचं. आपल्याकडे किंमत आटोक्यात ठेवण्यासाठी १६ आणि २४ पानांची चित्रपुस्तकंही भरपूर निघतात. पिन मारलेल्या पुस्तकाची पानं चारच्या पटीतच असतात, त्यामुळे १८ किंवा २७ पानांची गोष्ट कितीही छान असली तरी तिला पुन्हा बसवावं लागतं. ३२ पानांचा हिशेब साधारण असा: पहिलं पान शीर्षकाला, दुसरं-तिसरं श्रेय आणि अर्पणाला, ४ ते ३१ म्हणजे १४ स्प्रेड (समोरासमोरच्या दोन पानांची जोडी) गोष्टीला, आणि शेवटी एक सुटं पान. त्या सुट्या पानावर गोष्ट संपल्यानंतरची छोटीशी गंमत फार छान बसते.

डमीत चित्रं चांगली काढू नका. काड्यांची माणसं, पेन्सिलीचे गोळे एवढं पुरे. चित्र सुंदर झालं की ते खोडवत नाही आणि मग गोष्ट त्या चित्राला धरून वाकडी व्हायला लागते. कुतूहल निर्माण करणारी गोष्ट उजव्या पानावर येते का, आणि तिचं उत्तर पान उलटल्यावर डाव्या बाजूला मिळतं का, हे बघा. सलग तीन स्प्रेडवर माणसं त्याच मापाची, त्याच अंतरावरून दिसत असतील तर पुस्तक तिथे सुस्तावतं. मी एकेका पुस्तकाच्या कितीतरी डम्या करते आणि रंगाला हात लावते तो अगदी शेवटी.

आता शब्दांकडे. समजा, माझा पहिला खर्डा असा आहे: "धो धो पाऊस पडत होता. चिमी लाल छत्री घेऊन अंगणात उभी होती. तिला मोती कुठेच दिसत नव्हता. मोती तर पिंपामागे लपून बसला होता." पाऊस, छत्री, अंगण, पिंप हे सगळं मी काढणारच आहे, मग ते सांगायचं कशाला? उरतं एवढंच: "मोती! ए मोती!" आणि पान उलटल्यावर, "मोती कुठेच नाही." चित्रात मात्र पिंपामागून एक शेपूट बाहेर आलेलं. वाचणारी आई म्हणते, मोती कुठेच नाही, मांडीवरचं चार वर्षांचं मूल बोट ठेवून ओरडतं, "तो बघ!" त्या क्षणी मुलाला आईपेक्षा, चिमीपेक्षा जास्त माहीत असतं. हा आनंद फक्त चित्रपुस्तकच देऊ शकतं आणि त्यासाठी लेखकाने तोंड बंद ठेवायला शिकावं लागतं.

उलट, जे चित्रात येतच नाही त्याला शब्द हवेत: वास, आवाज, मनातली भीती, "अंधार पडायच्या आत घरी ये" असं आईने सकाळी सांगितलेलं असणं. हे वाक्य कापलं तर पुढच्या पानावरच्या संध्याकाळच्या रंगाला काही अर्थच उरत नाही. मी डमीवर प्रत्येक वाक्यासमोर विचारते, हे चित्र सांगतंय का? सांगत असेल तर वाक्य जातं. अगदी छोट्यांच्या पुस्तकात शेवटी दीडशे-दोनशे शब्द उरले तरी घाबरू नका. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या मोफत गोष्टींच्या संकेतस्थळावर पहिल्या पातळीच्या गोष्टींना २५० शब्दांची मर्यादा आहे, आणि एवढ्या जागेत गोष्ट उत्तम मावते. उरलेलं मात्र मोठ्याने वाचून बघा. हे पुस्तक कोणीतरी कोणालातरी वाचून दाखवणार आहे, तेही रोज रात्री. जीभ अडखळणारं वाक्य पाचव्या रात्री वाचणाऱ्याला नकोसं होतं.

चित्र काढताना सगळ्यात जास्त वेळ मी ब्रश हातात नसताना घालवते. मराठी पुस्तकातल्या घराला अजूनही धुराडं असतं, मागे त्रिकोणी डोंगर आणि त्यामागून उगवणारा सूर्य असतो. हे चित्र आपण बघून काढलेलं नसतं, दुसऱ्या चित्रांतून उचललेलं असतं. कोकणातलं घर काढायचं तर चिऱ्याचा रंग ओला असताना आणि कोरडा असताना किती वेगळा दिसतो, पागोळ्या कुठून पडतात, पडवीत काय काय टांगलेलं असतं हे बसून बघावं लागतं. मराठवाड्यातल्या धाब्याच्या घराची सावली वेगळी पडते. चाळीतल्या गॅलरीत सकाळी दहाला काय वाळत असतं आणि दुपारी चारला काय, तेही वेगळं. स्केचबुक घेऊन एसटी स्टँडवर बसा. तिथे माणसं थांबलेली असतात, त्यामुळे काढता येतात. पिशवीवर डोकं ठेवून झोपलेली आजी, उभ्याउभ्या एका पायावर भार देणारी शाळकरी मुलगी, पोराला एका हाताने धरून दुसऱ्या हाताने सुटे पैसे मोजणारी बाई. आठवडी बाजार त्याहून चांगला, पण तिथे उन्हाची तयारी ठेवा. मुलांचे देह खास बघा. तीन वर्षांचं मूल म्हणजे लहान मापाचं मोठं माणूस नव्हे. त्याचं डोकं शरीराच्या मानाने मोठं, पोट पुढे, आणि ते वाकत नाही, सरळ उकिडवं बसतं. हे जमलं की मूल चित्रात जिवंत होतं.

मग मुख्य पात्राचा तक्ता करा: पुढून, बाजूने, पाठीमागून, रडताना, धावताना. पहिल्या पानावरची चिमी आणि एकतिसाव्या पानावरची चिमी एकच मुलगी वाटली पाहिजे. केसांची बट, फ्रॉकचा खिसा, कोणत्या गालावर तीळ, हे मुलं लक्षात ठेवतात आणि चुकलं तर सांगतात.

तंत्राचं थोडक्यात सांगते. जलरंग, पोस्टर कलर, शाई, कोलाज, टॅबलेट, काहीही चालतं. पैसे नसतील तर संगणकावर क्रिता हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. फाइल छापायच्या मापाला किमान ३०० डीपीआयची (म्हणजे इंचाला ३०० ठिपके), कडेने ३ मिलिमीटर ब्लीड (कागद कापताना पांढरी कड राहू नये म्हणून चित्र पानाबाहेर वाढवणं), आणि चेहरा किंवा महत्त्वाची वस्तू बरोबर घडीत येणार नाही याची काळजी. पडद्यावरचा झगझगीत निळा आणि पोपटी चार रंगांच्या छपाईत मंदावतो, म्हणून रंगाची प्रूफ, म्हणजे छापील नमुना, मागून घ्या. मजकुराबद्दल एक गोष्ट नवख्यांना कोणी सांगत नाही. नॅशनल बुक ट्रस्टसारखी संस्था एकच पुस्तक अनेक भाषांत काढते. छपाईत चारही रंगांची वेगवेगळी प्लेट असते. मजकूर निव्वळ काळ्या रंगात, वेगळ्या थरावर असेल तर दुसऱ्या भाषेसाठी फक्त काळी प्लेट बदलते आणि बाकी तीन तशाच राहतात. मजकूर चित्रातच रंगवून टाकलात किंवा रंगीत केलात, तर हा मार्ग बंद होतो.

देवनागरीला दोन ओळींत जास्त अंतर लागतं, कारण वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात. इंग्रजी पुस्तकाच्या मांडणीवरून जागा ठरवलीत तर खालच्या ओळीची वेलांटी वरच्या ओळीच्या उकाराला जाऊन भिडते, आणि नुकतं वाचायला लागलेलं मूल तिथेच अडतं. डमीत मजकुराची जागा आधी राखा, तीही शांत रंगावर. टंक (फॉन्ट) साधा निवडा. मुंबईच्या 'एक टाइप' या टंक बनवणाऱ्या संस्थेने केलेले 'मुक्त' आणि 'बालू' हे टंक मोफत मिळतात आणि मोठ्या आकारात छान वाचता येतात. मजकूर युनिकोडमध्येच द्या. काही छापखान्यांत अजून श्रीलिपीसारखी जुनी प्रणाली चालते. फाइल तिकडून इकडे येताना जोडाक्षरं तुटतात, म्हणून छपाईला जाण्याआधीची शेवटची पीडीएफ स्वतः अक्षरन् अक्षर वाचा.

शिक्षणाबद्दल फार विचारलं जातं. बारावीनंतर महाराष्ट्रात बीएफए ही कलेची पदवी करायची असेल तर साधारणपणे एमएएच-एएसी-सीईटी ही राज्याची प्रवेशपरीक्षा द्यावी लागते आणि मग उपयोजित कलेचा चार वर्षांचा अभ्यासक्रम असतो. मुंबईत जे. जे., पुण्यात अभिनव ही त्यासाठीची जुनी कला महाविद्यालयं. तिथे रेखाटनाचा हात बसतो, अक्षराची नजर येते, वेळेत काम देण्याची सवय लागते. गोष्ट कशी सांगायची, हे मात्र मी वाचनालयात शिकले. पदवी नसेल तरी अडत नाही. प्रकाशक प्रमाणपत्र बघत नाही, डमी बघतो. चांगलं चित्रपुस्तक घ्या, मजकुरावर कागद ठेवून फक्त चित्रं वाचा, मग चित्रं झाकून फक्त शब्द वाचा. दोन्ही वेळा काहीतरी निसटलं पाहिजे. माधुरी पुरंदरे यांनी गोष्टी आणि चित्रं दोन्ही स्वतः केलेली पुस्तकं या नजरेने बघा. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१पासून निघतंय, त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत आहेत. एका मासिकात किती तऱ्हेच्या चित्रशैली नांदल्या, हे बघण्यासारखं आहे.

डमी झाली की ती मुलांसमोर न्या. अंगणवाडी, जिल्हा परिषदेची शाळा, सोसायटीतली पोरं, कुठेही. "आवडलं का?" असं विचारू नका, मुलं मोठ्यांना बरं वाटावं म्हणून हो म्हणतात. त्यांची बोटं बघा. कुठे बोट थांबलं, कोणतं पान त्यांनी मागे उलटून पुन्हा बघितलं, कुठे बाहेर खिडकीकडे नजर गेली. मी त्याच पानांवर खुणा करते.

पाठवताना डमीची पीडीएफ, दोन-तीन पूर्ण रंगवलेले स्प्रेड आणि मजकुराची वेगळी फाइल, एवढं पाठवा. चित्रपुस्तकं मराठीत ज्योत्स्ना प्रकाशन, नॅशनल बुक ट्रस्ट, प्रथम बुक्स, चेन्नईचं तूलिका काढतात. त्यांची आधीची पुस्तकं बघूनच कोणाकडे जायचं ते ठरवा. फक्त लिहीत असाल तर चित्रकार स्वतः शोधून पैसे खर्चू नका, ते काम संपादकाचं. उत्तराला महिने लागतात. त्या काळात दिवाळी अंक, मासिकं, पाठ्यपुस्तकं यांची चित्रं मिळवा. ओळखीही तिथूनच होतात.

पैशाबद्दल स्पष्ट सांगते. समजा पुस्तकाची किंमत १०० रुपये, आवृत्ती १००० प्रतींची आणि लेखन-चित्रांचं मिळून मानधन १० टक्के. सगळी आवृत्ती विकली गेली तर १०,००० रुपये होतात, तेही विक्री होईल तसे. पुस्तकावर तुमचं सहा-आठ महिन्यांचं काम झालेलं असू शकतं. म्हणून काही जण चित्रांसाठी एकरकमी पैसे घेतात, काही आगाऊ रक्कम आणि टक्केवारी दोन्ही मागतात. मी दुसरं पसंत करते, कारण चांगलं चित्रपुस्तक वर्षानुवर्षं विकलं जातं. फक्त चित्रपुस्तकांवर घर चालेल असं सुरुवातीला धरून चालू नका. शिकवणं, मुखपृष्ठं, कार्यशाळा असं काहीतरी सोबत हवंच.

करार वाचा. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क लेखीच द्यावे लागतात. त्यात मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या चित्राचा पहिला मालक, वेगळं ठरलेलं नसेल तर, काम देणारा ठरू शकतो, म्हणून चित्रांचा हक्क कोणाकडे राहणार ते एका ओळीत लिहून घ्याच. माझी चित्रं एकदा न विचारता दिनदर्शिकेवर छापली गेली होती. करारात हक्क फक्त पुस्तकापुरते दिलेले होते, त्यामुळे मला वेगळे पैसे मागता आले आणि मिळालेही. स्टोरीवीव्हरवरचं साहित्य मुक्त परवान्याखाली असतं. श्रेय देऊन कोणीही ते भाषांतरित करू शकतं, छापू शकतं, विकूही शकतं. तुमची गोष्ट तुम्हाला माहीत नसलेल्या भाषेतल्या मुलांपर्यंत पोचते, हे मला फार मोलाचं वाटतं. फक्त हे समजून उमजून सही करा.

पुस्तक आल्यावर शाळा बोलावतील. मानधन आणि प्रवासखर्च आधीच विचारा, विचारण्यात कमीपणा नाही. लेखकाला प्रती सवलतीत मिळतात का ते प्रकाशकाला विचारून ठेवा, त्या सोबत न्या. वाचून झाल्यावर भाषण करू नका. डमी दाखवा, खोडलेली पानं दाखवा, आणि मुलांना कागद दुमडून त्यांचं आठ पानी पुस्तक तिथेच करू द्या.