स्तनातील गाठ: पहिल्या तपासणीपासून शेवटच्या गोळीपर्यंत घरच्यांनी काय सांभाळावे

स्तनाच्या कर्करोगातून बाई वाचेल की नाही, हे गाठीचा आकार, काखेपर्यंत झालेला प्रसार, पेशींची वाढ आणि त्या पेशी कोणत्या औषधाला दाद देतात यांवर अवलंबून असते. यांपैकी बरेचसे आजारच ठरवतो. परंतु गाठ लागल्यापासून उपचार सुरू होईपर्यंत गेलेले दिवस आणि सुरू झालेला उपचार तडीस नेणे, या दोन गोष्टी पुष्कळ अंशी घरच्यांच्या हाती असतात, आणि विदर्भातल्या खेड्यांत घात होतो तो बहुतेक इथेच.

सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही. त्यामुळे आधी सोयाबीनची सोंगणी, मग कापसाची वेचणी, मग घरातले लग्न, असे करत ती अंगावर काढली जाते. स्तनात किंवा काखेत नवी गाठ हाताला लागली, कातडीवर खळी पडली, स्तनाग्र आत ओढले गेले किंवा त्यातून रक्तासारखा स्राव आला, तर त्याच आठवड्यात आशाताईंना सांगून आरोग्य केंद्र गाठावे. काही त्रास नसला तरी तीस वर्षांपुढील स्त्रियांनी तिथे होणारी स्तनतपासणी टाळू नये. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने सुमारे दीड लाख स्त्रियांचा २० वर्षे अभ्यास केला. प्रशिक्षित महिलांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने स्तन तपासल्याने पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमधील या रोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाल्याचे त्यात आढळले.

गाठ सापडल्यावर ती जवळच्या दवाखान्यात थेट कापून घेण्याची घाई मात्र करू नये. आधी सुईने तुकडा काढून तपासणी व्हायला हवी; सुई लावल्याने रोग पसरतो ही भीती अनाठायी आहे. काढलेला तुकडा फॉर्मालिनच्या (तुकडा खराब होऊ न देणाऱ्या द्रावणाच्या) बाटलीतच प्रयोगशाळेत गेला पाहिजे आणि अहवालात ईआर, पीआर (गाठीच्या पेशींवरील हार्मोनचे ग्राहक) व हर-टू (पेशींची वाढ वेगाने घडवणारे प्रथिन) या तिन्हींची नोंद असली पाहिजे, कारण हार्मोनची गोळी चालेल की ट्रास्टुझुमॅबचे इंजेक्शन लागेल, हे त्यावरूनच ठरते. नोंद नसेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. त्यात संकोच कसला?

पुढील उपचारांसाठी नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, तिथलेच राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय किंवा सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय गाठता येते. आधार व रेशन कार्ड सोबत न्यावे आणि भरती होण्यापूर्वीच महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्रांना, म्हणजे रुग्णालयात या योजनेसाठी मदत करणाऱ्या कर्मचाऱ्यांना, भेटावे, म्हणजे शेत गहाण टाकण्याची वेळ सहसा येत नाही. रेल्वेच्या भाड्यातही रुग्णाला व सोबत्याला सवलत मिळते.

केमोथेरपी बहुधा दर तीन आठवड्यांनी असते. केस गळाले, अन्न जाईना, म्हणून मधली फेरी चुकवली जाते, आणि आधीच्या फेऱ्यांचा लाभही त्यामुळे उणावतो. या काळात ताप १००.४ अंश फॅरनहाइटवर गेला, तर तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये. केमोथेरपीने रक्तातील पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना जंतुसंसर्ग काही तासांत जिवावर बेतू शकतो, म्हणून रातोरात रुग्णालयात न्यावे.

ईआर किंवा पीआर असलेल्या रोगात टॅमॉक्सिफेनसारखी गोळी किमान पाच वर्षे रोज घ्यावी लागते. बाई पुन्हा शेतात जाऊ लागली की ही गोळी हमखास सुटते, तेव्हा जुनी पाकिटे संपण्याच्या आठवडाभर आधी नवी आणण्याचे काम घरातल्या एका माणसाने आपल्याकडे घ्यावे.