रीमास्टर ‘रूमर्स’ची एलपी घरी आली की आधी काय करायचं

फ्लीटवुड मॅक या रॉक बँडचा ‘रूमर्स’ हा अल्बम 1977 चा. त्याची रीमास्टर केलेली, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणावरून आवाज नव्यानं घडवून काढलेली एलपी हाती आली की जुन्या प्रतीशी तुलना करायची घाई होते. पण मराठवाड्यात धूळ, ऊन आणि बोअरचं पाणी यांचा बंदोबस्त झाल्याशिवाय रीमास्टरला नावं ठेवणं म्हणजे तिच्यावर अन्यायच.

नवी एलपीसुद्धा धुवावीच लागते, कागदाच्या कव्हरचे तंतू खाचांत बसलेले असतात. बोअरचं पाणी मात्र अजिबात नको. ते वाळलं की क्षार खाचांतच राहतात आणि मग खरखर कायमची. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर सीलबंद घ्या. अर्धा लिटर पाण्यात भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब पुरे. मायक्रोफायबर कापड खाचांच्या दिशेनं गोल फिरवा, लेबल भिजू देऊ नका. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्यानं पुसून पंख्याखाली नव्हे, बंद खोलीत उभी वाळवा. पंखा सगळी धूळ ओल्या तबकडीवर आणून बसवतो.

एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत एलपी ठेवली तर ती वाकलीच म्हणून समजा. वाकलेली उन्हात वजनाखाली सपाट करायचा उद्योग करू नका, मुदतीत परत करा.

सुईचा दाब कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या भागाच्या) माहितीच्या कागदावर लिहिलेला असतो, बऱ्याच कार्ट्रिजना साधारण 2 ग्रॅम. छोट्या डिजिटल काट्यावर मोजा. दाब कमी ठेवला की रेकॉर्ड जपली जाते, हा समज चुकीचा आहे: सैल सुई खाचेत आपटत राहते आणि तीच जास्त झीज करते.

आता तुलना. दोन्ही प्रतींवर ‘द चेन’ या गाण्याचा एकच जोरकस भाग लावा, फोनवरचं ध्वनिमापक ॲप बसायच्या जागी कानाच्या उंचीवर धरा आणि दोन्हीकडे सारखंच डेसिबल येईपर्यंत आवाज जुळवा. एका डेसिबलचा फरकही जास्त आवाजाच्या प्रतीकडे कौल झुकवतो. आवाज जुळल्यावर हळू आवाजातली सुरुवात आणि शेवटचा जोर यांतला फरक ऐका. नव्या प्रतीत तो आकसला असेल, तर मास्टरिंगमध्ये, म्हणजे रेकॉर्ड काढण्याआधी आवाज ठाकठीक करताना, आवाजातले चढउतार दाबलेत. ‘सिल्व्हर स्प्रिंग्ज’ तुलनेला घेऊ नका, ते मूळ एलपीवर नव्हतंच.

शेवटी ‘गोल्ड डस्ट वुमन’. ते दुसऱ्या बाजूच्या अगदी आतल्या खाचांत आहे आणि तिथे सुईखालून खाच बाहेरच्या निम्म्याहून कमी वेगानं सरकते. गाण्यातला ‘स’ फाटत असेल तर आधी प्रोट्रॅक्टरवर (कोन तपासायच्या पट्टीवर) कार्ट्रिजचा कोन तपासा. कोन बरोबर आहे, बाकीच्या रेकॉर्डवर ‘स’ स्वच्छ येतो आणि इथेच फाटतो, तर प्रत बदलून मागा.