जँगोला सुधारणा सुचवायची असेल तर

"जँगोमध्ये हे असायलाच पाहिजे होतं" असं आमच्या ऑफिसात रोज कुणी ना कुणी म्हणतंच. जँगो म्हणजे पायथन भाषेत वेबसाइटी बांधायचा तयार सांगाडा, म्हणजे फ्रेमवर्क. आम्ही सांगलीत बसून पतसंस्था, बाजार समित्या आणि एखाददुसऱ्या नगरपरिषदेची कामं करतो. मराठी मजकूर, लाख-कोटींचे आकडे, पिनकोड, पॅन हे आमचं रोजचं. जँगोचा जन्म मात्र अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावच्या वर्तमानपत्राच्या ऑफिसात झाला आणि २००५ साली तो सगळ्यांसाठी खुला झाला. आपल्या काना-मात्रांचं काय होतं, हे तिथल्या लोकांना कुणीतरी सांगावं लागतं. सांगण्याची एक रीत आहे. नव्याने लागलेल्या पोरांना मी जे सांगते तेच इथे लिहिते.

आधी आपल्या हातात नक्की काय आहे ते ठरवा: बिघाड, कल्पना की शंका. बिघाड ट्रॅकवर जातो, म्हणजे जँगोच्या तिकिटांच्या जुन्या यादीत. तिथले क्रमांक केव्हाच छत्तीस हजारांपुढे गेलेत. नव्या सोयीची कल्पना असेल तर गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर 'न्यू फीचर्स' नावाची वेगळी रेपॉझिटरी, म्हणजे जागा, आहे. "माझी क्वेरी हळू चालते, काय करू?" ही शंका झाली. ती ट्रॅकवर नेलीत तर तिकीट 'इनव्हॅलिड' म्हणून बंद होईल, आणि त्यात रुसण्यासारखं काही नाही. मराठी अॅडमिनमधला (डेटा भरायच्या तयार पानांमधला) एखादा शब्द खटकला तर पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोड बदलायचा प्रस्ताव, पाठवू नका, भाषांतरं ट्रान्सिफेक्स या साइटवर होतात. आणि एकाच्या लॉगिनने दुसऱ्याचा डेटा दिसतोय, असलं काही सापडलं तर उघड्यावर एक अक्षर लिहायचं नाही. सुरक्षा टीमचा ईमेल पत्ता जँगोच्या साइटवर आहे, तिथे गुपचूप कळवायचं.

आता खरं उदाहरण घेऊ. शीर्षकावरून यूआरएलचा तुकडा, म्हणजे स्लग, करणारं स्लगिफाय हे फंक्शन सगळेच वापरतात. त्याला नुसतं 'पुणे' दिलं तर रिकामी स्ट्रिंग मिळते, कारण ते आस्की (साधी इंग्रजी अक्षरं, आकडे, चिन्हं) नसलेलं सगळं टाकून देतं. हे डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलेलं आहे, म्हणून तो बिघाड नव्हे. त्यासाठी अलाऊ युनिकोड हा पर्याय आहे. तो ट्रू करून 'सांगली बाजार समिती' द्या. येतं 'सगल-बजर-समत'. 'पुणे' दिलं तर 'पण' येतं, 'पाणी' दिलं तरी 'पण', आणि 'पण'चं तर 'पण'च. पुण्याची बातमी आणि पाण्याची बातमी एकाच पत्त्यावर! स्लग युनिक ठेवला असेल तर दुसरी बातमी सेव्हच होणार नाही.

इथे बहुतेक जण ट्रॅकवर जाऊन "मराठी सपोर्ट करत नाही" असं शीर्षक टाकतात आणि खाली स्क्रीनशॉट चिकटवतात. तसं करू नका. आधी मुळाशी जा. स्लगिफायचा सोर्स जेमतेम डझनभर ओळींचा आहे, वाचून टाका. त्यात एक रेग्युलर एक्सप्रेशन (मजकुरातला नमुना शोधायचं सूत्र) आहे, जे शब्दात न बसणारी चिन्हं काढून टाकतं. 'शब्दात बसणारं' म्हणजे काय, हे पायथनचं आरई मॉड्यूल ठरवतं, आणि त्याच्या हिशोबात काना, वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार, हलंत ही अक्षरंच नाहीत. म्हणजे मूळ दुखणं पायथनचं आहे. तिकडे ही तक्रार २०११ पासून नोंदलेली आहे. जँगोत ते दोन ठिकाणी उगवतं: स्लगिफायमध्ये, आणि युनिकोड स्लग तपासणाऱ्या व्हॅलिडेटरमध्ये. दुसरं जास्त त्रासाचं. अॅडमिनमध्ये बसून हाताने बरोबर 'पुणे' टाइप केलं तरी फॉर्म म्हणतो, स्लग चालणार नाही.

एवढं कळल्यावर शोध घ्या. शोधताना 'मराठी' असं शोधून हाती काही लागणार नाही. हा मार हिंदी, नेपाळी, बंगाली, तमिळ सगळ्यांनाच बसतो, त्यामुळे आधीच कुणीतरी ओरडलेलं असण्याची शक्यता दाट. फंक्शनच्या नावाने शोधा, 'युनिकोड' आणि 'कंबाइनिंग' हे शब्द घालून शोधा, आणि बंद झालेली तिकिटंही त्यात धरा. जुनं तिकीट सापडलं तर नवं उघडायचं नाही. सापडलेल्या तिकिटात आपलं उदाहरण घाला, जर ते काही नवं सांगत असेल तर. व्हॅलिडेटरची बाजू तिथे आलेली नसेल, तर ती नवी माहिती. "आम्हालाही हाच त्रास" ही नाही.

नवं तिकीट लिहायचंच झालं तर आधी जँगोची मेन ब्रँच, म्हणजे काम चालू असलेला ताजा कोड, कोऱ्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये (बाकी पॅकेजांपासून वेगळ्या जागेत) घालून तोच प्रकार करून बघा. तुम्ही ४.२ वर अडकला असाल आणि मेनवर तो बिघाड गेलेला असेल, तर विषय संपला. मेनवरही असेल तर तिकिटात द्या: जँगोची आवृत्ती, पायथनची आवृत्ती, शेलमध्ये टाइप करता येतील अशा तीन ओळी, काय आलं आणि काय यायला हवं होतं. आपलं मॉडेल, आपला व्ह्यू, आपल्या सेटिंग्ज यातलं काही नको. वाचणाऱ्याला देवनागरी येत नाही हे धरून चाला: कुठलं चिन्ह गळलं ते त्याच्या युनिकोड क्रमांकासकट लिहा, म्हणजे त्याला अक्षर ओळखायची गरज पडत नाही. आणि मूळ पायथनमध्ये आहे हे आपणहून लिहा. ते लपवलंत तर पहिल्याच उत्तरात कुणीतरी तेच सांगेल आणि तिकीट बंद करेल.

अजून वजन हवं असेल तर फेल होणारी टेस्ट लिहा. जँगोच्या टेस्टमध्ये यूटिल्स टेस्ट्स या फोल्डरात टेक्स्टची फाइल आहे, तिच्यात स्लगिफायची उदाहरणं ओळीने मांडलेली आहेत. त्यात आपली एक ओळ घालायची. टेस्ट चालवायला पोस्टग्रेसही लागत नाही, एसक्यूलाइटवर चालतात. पूर्वी चालत होतं आणि नव्या आवृत्तीत मोडलं, अशी तक्रार असेल तर गिट बायसेक्ट करून (कोडचा इतिहास अर्ध्या-अर्ध्याने तपासत) नेमका कमिट, म्हणजे मोडणारा बदल, शोधून द्या. तसला बिघाड नुकत्याच आलेल्या आवृत्तीत असेल तर 'रिलीज ब्लॉकर' ठरतो आणि चालू आवृत्तीच्या पुढच्या दुरुस्तीत येतो. एरवीची दुरुस्ती पुढच्या मोठ्या आवृत्तीपर्यंत थांबते.

हो, आणि खरा डेटा चिकटवू नका. डीबगचं पिवळं पान कॉपी करून टाकायची सवय असते. ते पान पासवर्ड आणि की अशा नावांच्या सेटिंग्ज झाकतं, पण लोकल व्हेरिएबलमधली सभासदाची माहिती तशीच दाखवतं. पतसंस्थेच्या माणसाचा पॅन जगाला दिसायला नको.

कल्पनांचं गणित वेगळं असतं. आमच्याकडची लाडकी मागणी: मोठे आकडे शब्दांत मांडणारं जँगोच्या ह्यूमनाइझमधलं इंटवर्ड मिलियन-बिलियन सांगतं, त्याने लाख-कोटी सांगावं. मागणी रास्त आहे, तरी मी ती कोअरमध्ये, म्हणजे मूळ जँगोत, मागायला सांगत नाही. जँगोत पूर्वी लोकलफ्लेवर नावाचा भाग होता, देशोदेशीचे पिनकोड आणि ओळखक्रमांक त्यात तपासले जायचे. २०१३ च्या १.६ आवृत्तीत तो बाहेर काढून स्वतंत्र पॅकेज केला. भारताचा पिनकोड आणि पॅन आजही त्या पॅकेजात मिळतात. देशापुरत्या गोष्टींचं ओझं कोअरवर नको, हे त्यांनी तेव्हाच ठरवलं. लाख-कोटीचं छोटं पॅकेज लिहून पायपीआयवर (पायथन पॅकेजांच्या सार्वजनिक भांडारात) टाकलं तर चार पतसंस्थांचं काम उद्यापासून सुरू होतं. कोअरचा रस्ताही अनेकदा तिथूनच जातो. मायग्रेशन्स, म्हणजे डेटाबेसची रचना बदलायची सोय, आधी साउथ या पॅकेजात होती. अँड्र्यू गॉडविनने २०१३ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर पैसे उभे करून ती नव्याने लिहिली आणि २०१४ मध्ये १.७ सोबत ती जँगोत आली. डिसेंबर २०२५ च्या ६.० मधले टेंप्लेट पार्शल्सही (टेंप्लेटचे पुन्हा वापरता येणारे तुकडे) आधी बाहेरचं पॅकेजच होते.

मागण्याआधी आहे ते तपासा, हेही आलं. १२,३४,५६७ असा स्वल्पविराम जँगोला जमत नाही, असं अजूनही लोक छातीठोकपणे सांगतात. १.११ पासून, म्हणजे २०१७ पासून, नंबर ग्रुपिंग या सेटिंगला ३, २, ० असा टपल (आकड्यांचा संच) देता येतो, आणि डॉक्युमेंटेशनमध्ये उदाहरण भारताचंच आहे. मेख एवढीच की भाषेची स्वतःची फॉरमॅट फाइल सेटिंग्जवर कुरघोडी करते, म्हणून आपली फॉरमॅट फाइल लिहून तिचा पत्ता फॉरमॅट मॉड्यूल पाथमध्ये द्यावा लागतो. हे वाचून कळायला वेळ लागतो ना? मग हाच तुमचा फीडबॅक. "या परिच्छेदाशेजारी हे एक वाक्य हवं" अशी डॉक्युमेंटेशनची सुधारणा पहिल्या योगदानाला उत्तम. वाद होत नाहीत आणि वाचणारे खूप असतात.

मोठी कल्पना मांडताना आधी अडचण सांगा, उपाय मागाहून. "टेंप्लेटमध्ये अमुक टॅग हवा" यावर लोक टॅगच्या नावावरच भांडत बसतात. "दोनशे शाखांचा रिपोर्ट काढताना आम्ही हा कोड सात फाइलींत पुन्हा लिहितो, हा बघा" यावर कुणीतरी तुमच्यापेक्षा सोपा उपाय सुचवतो. जुने प्रोजेक्ट मोडणार का, सांभाळणार कोण, पॅकेज म्हणून का पुरत नाही, हे प्रश्न येणारच. उत्तरं आधीच लिहून ठेवा. इंग्रजी कच्चं असेल तर वाक्यं लहान ठेवा. एआयकडून व्याकरण सुधारून घ्यायला हरकत नाही, पण त्याच्याकडून तीन पानी निबंध करून घेऊ नका. तिकिटं चाळायला जँगो सॉफ्टवेअर फाउंडेशनने (डीएसएफ) नेमलेले मोजके पगारी फेलो आहेत, बाकी सगळे स्वयंसेवक.

वेळही साधावी लागते. दर आठ महिन्यांनी नवी आवृत्ती येते आणि अल्फा, म्हणजे पहिली चाचणी आवृत्ती, निघाला की नव्या सोयींचं दार बंद होतं. ६.० चा अल्फा सप्टेंबर २०२५ मध्ये आला, पक्की आवृत्ती डिसेंबरात. त्या मधल्या काळात आपल्या प्रोजेक्टच्या टेस्ट नव्या आवृत्तीवर चालवून काय मोडलं ते कळवणं, हा माझ्या मते सगळ्यात मोलाचा फीडबॅक. आम्ही स्टेजिंग (चाचणीच्या) सर्व्हरवर हे शनिवारी उरकतो.

तिकीट 'अॅक्सेप्टेड' झालं म्हणजे काम झालं असं नाही, त्याचा अर्थ "हो, हे करण्यासारखं आहे" एवढाच. करणारा मिळेपर्यंत ते वर्षानुवर्षं पडून राहू शकतं, आणि करणारे तुम्हीही असू शकता. 'वोंटफिक्स' (दुरुस्त करणार नाही) असा शिक्का बसला तर स्वतः पुन्हा उघडायचं नाही, तसा नियम आहे. नवा मुद्दा असेल तर चर्चेच्या जागी, म्हणजे जँगोच्या फोरमवर, मांडायचा. नुसतं लक्ष ठेवायचं असेल तर तिकिटाच्या सीसी रकान्यात आपलं नाव घाला. "काही अपडेट?" अशी कमेंट टाकली तर त्या तिकिटावरच्या प्रत्येकाला मेल जातो.