सहावी ते आठवीच्या पालकांपर्यंत वर्ग पोहोचवताना : वर्गशिक्षकाची तयारी

चौथीपर्यंत बहुतेक शाळांत एकच बाई किंवा एकच गुरुजी सगळे विषय शिकवतात, त्यामुळे आईला काही विचारायचे असले तर शाळेच्या फाटकाशी त्यांना गाठले की काम होते. सहावीपासून गणिताचे सर वेगळे, विज्ञानाच्या बाई वेगळ्या, हिंदी-इंग्रजीला आणखी कोणी, असे होते आणि नेमक्या याच वयात ‘आज शाळेत काय झाले?’ या प्रश्नाला मूल ‘काही नाही’ एवढेच उत्तर देऊ लागते. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, 2009 याच्या कलम 24 मध्ये पालकांशी नियमित बैठका घेणे आणि मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता व प्रगती त्यांना सांगणे हे शिक्षकाचे कर्तव्य म्हणून नोंदवले आहे. ते पार पाडण्यासाठी लागणारी बरीचशी तयारी जूनमध्ये, शाळा उघडल्यापासूनच्या पहिल्या पंधरवड्यातच करावी लागते. विदर्भात शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात, तिथे हे काम जुलैत सरकेल. एकदा घटक चाचण्या सुरू झाल्या की पालकांचे दूरध्वनी क्रमांक जमवायला कोणालाही सवड मिळत नाही.

सर्वांत आधी शाळेचे वार्षिक नियोजन समोर घ्यावे. सहावी ते आठवीसाठी कायद्याने वर्षाला किमान 220 कामाचे दिवस आणि 1000 अध्यापनाचे तास ठरवून दिले आहेत, आणि मुख्याध्यापकांचे नियोजन याच हिशेबाने बेतलेले असते. पण त्यातली प्रत्येक नोंद पालकांना लागत नाही. ज्या तारखेमुळे घरातल्या कोणाला तरी आपला दिवस बदलावा लागणार आहे, ती तारीख पालकांच्या वेळापत्रकात असलीच पाहिजे, म्हणजे सकाळची शाळा केव्हा सुरू होते, कोणत्या दिवशी मुले मधल्या सुट्टीनंतर घरी येतील, चाचण्या व सत्र परीक्षा कोणत्या आठवड्यात आहेत, सहलीचे पैसे केव्हा भरायचे, दिवाळीची सुट्टी कधी लागते. जी तारीख अजून पक्की नाही तिच्यापुढे ‘अंदाजे’ असे स्पष्ट लिहावे आणि ती पक्की होताच तेवढीच एक ओळ नव्याने कळवावी, कारण न सांगता बदललेली एक तारीख पालकांचा उरलेल्या सगळ्या तारखांवरचा विश्वास घालवते. पालक सभांचे दिवस ठरवताना गावचा आठवडे बाजार, जत्रा आणि पेरणी-काढणीचे दिवस आधी विचारून घ्यावेत. बाजाराच्या दिवशी सभा बोलावून ‘पालक येत नाहीत’ अशी तक्रार करण्यात काही अर्थ नाही. हे वेळापत्रक एका पानात मावले पाहिजे आणि त्याची एक प्रत मुलाच्या दैनंदिनीत पहिल्याच पानावर चिकटवून घ्यावी.

त्यानंतर संपर्क नोंदवही करावी, आणि या कामाला जितका वेळ लागेल तितका द्यावा. प्रवेश अर्जावर सहसा वडिलांचा क्रमांक असतो, तो दिवसभर वडिलांच्या खिशात शेतावर, कारखान्यात किंवा रिक्षात फिरत असतो आणि शाळेची सूचना रात्री नऊला, दप्तर भरून झाल्यावर घरी पोहोचते. म्हणून अर्जावरचा क्रमांक तसाच उतरवून न घेता प्रत्येक घरासाठी काही गोष्टी नव्याने विचाराव्यात : संध्याकाळी मुलाजवळ कोण असते, त्या व्यक्तीकडे कोणता फोन आहे, त्यावर चित्रे व आवाजी निरोप येतात की तो साधा आहे, त्यांना मराठी वाचता येते की सांगितलेले अधिक सोपे जाते, आणि फोन केव्हा केलेला चालेल. सोलापुरात घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारी कुटुंबे आहेत, मुंबई-ठाण्याच्या वस्त्यांत हिंदी आणि उर्दू बोलणारी आहेत. मूल मराठी शाळेत शिकत असले तरी आईला छापील मराठी सूचना कळेलच असे गृहीत धरू नये. मराठी वाचू न शकणाऱ्या घरांसाठी त्याच वस्तीतला एखादा शेजारी पालक आधीच ठरवून, त्याची आणि त्या घराची संमती घेऊन, त्याचे नाव नोंदवहीत शेजारी लिहून ठेवावे.

बीड, अहिल्यानगर यांसारख्या जिल्ह्यांतील शाळांनी या नोंदवहीत आणखी एक रकाना आखावा. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. काही मुले आई-वडिलांबरोबर जातात, काही आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात गावीच राहतात. जे मूल मागे राहणार आहे त्याच्यापुरते शाळेसाठी त्या काळातले पालक म्हणजे आजीच, त्यामुळे सभेचे निमंत्रण, प्रगतिपुस्तकावरची सही आणि आजारपणाचा निरोप हे सर्व तिच्या नावाने व्हावे. आई-वडिलांशी मात्र संबंध तुटू देऊ नये : ते निघण्यापूर्वी सप्टेंबरमध्येच त्यांना शाळेत बोलावून दुसऱ्या सत्रात काय शिकवले जाईल हे सांगावे, टोळीतला चालू राहणारा एखादा क्रमांक घ्यावा, आणि महिन्यातून एकदा एक-दीड मिनिटाचा आवाजी निरोप पाठवावा. दिवसभर तोडणी आणि गाडी भरून आलेल्या माणसाला लांबलचक मजकूर वाचायला लावण्यापेक्षा वर्गशिक्षकांच्या आवाजातली चार वाक्ये त्याच्यापर्यंत लवकर पोहोचतात.

सूचना कोणत्या मार्गाने जाणार हे जूनच्या सभेतच जाहीर करावे आणि वर्षभर तोच मार्ग ठेवावा. मुलाची दैनंदिनी हा मुख्य मार्ग, फाटकाजवळचा फलक हा दुसरा आणि व्हॉट्सॲप गट हा तिसरा, असा क्रम मला योग्य वाटतो, कारण दैनंदिनी प्रत्येक घरात जाते आणि फोन जात नाही. गटात केवळ वर्गशिक्षकांनाच लिहिता येईल अशी सोय सुरुवातीलाच करावी. नाहीतर पहिल्याच आठवड्यात गुलाबांची ‘शुभ सकाळ’ आणि कोणाच्या तरी भाच्याच्या लग्नाची पत्रिका यांच्याखाली चाचणीची तारीख दडून जाते. कोणत्याही मुलाचे गुण, गैरहजेरी, आजार किंवा तक्रार गटात लिहू नये. वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या 2023 च्या कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले असून त्याच्या डिजिटल वैयक्तिक माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक धरली आहे. तेव्हा वर्गातील छायाचित्रे गटात टाकण्याबाबतची लेखी संमती प्रवेशाच्या कागदांबरोबरच घेऊन ठेवावी आणि जे पालक नको म्हणतील त्यांच्या मुलांची नावे मोबाइल हाती धरणाऱ्या प्रत्येक सहकाऱ्याला ठाऊक असावीत.

वेळापत्रक बहुतेक शाळा कसेबसे कळवतात. वर्गात काय शिकणे चालले आहे हे मात्र फारच थोड्या शाळा कळवतात, म्हणून आठवड्याच्या शिक्षण-पत्रकाची तयारी विषयशिक्षकांबरोबर बसून करावी. दर शुक्रवारी प्रत्येक विषयशिक्षकाने वर्गशिक्षकाला आपापल्या विषयाच्या दोनच ओळी द्याव्यात, एक चालू घटकाविषयी आणि एक घरी विचारता येण्याजोग्या प्रश्नाची. ‘सहावी, गणित : शेकडेवारी, सरावसंच पूर्ण करून घ्यावा’ अशी सूचना वाचून ज्या आईने स्वतः सातवीनंतर शाळा सोडली ती काहीच करू शकत नाही, उलट तिला आपण कमी पडतो असे वाटते. त्याच जागी ‘या आठवड्यात शेकडेवारी चालू आहे. बाजारात 400 रुपयांच्या कपड्यावर 15 टक्के सूट लिहिली असेल तर किती पैसे वाचतील आणि किती द्यावे लागतील, हे मुलाला विचारा. 60 रुपये वाचतात आणि 340 द्यावे लागतात, हे त्याने कसे काढले ते त्याला मोठ्याने सांगू द्या’ असे लिहिले, तर भाजी निवडतानाही ती आई मुलाचा अभ्यास घेऊ शकते. उत्तर सूचनेतच द्यावे. पालकांची परीक्षा घेणे हा पत्रकाचा हेतू नाही. भाषेच्या विषयासाठी मुलाने घरी मोठ्याने वाचून दाखवायचा एखादा परिच्छेद आणि विज्ञानासाठी परसात किंवा गॅलरीत पाहता येईल अशी एखादी गोष्ट पुरते. पाठ्यपुस्तके बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य उतरवून घेता येतात, तो दुवा वर्षात एकदा दैनंदिनीत छापून द्यावा, म्हणजे पुस्तक हरवले म्हणून कोणाचा अभ्यास अडणार नाही.

तारखेची सूचना लिहितानाही थोडी शिस्त लागते. ‘सर्व पालकांना सूचित करण्यात येते की घटक चाचणी लवकरच घेण्यात येणार असून पाल्याची तयारी करून घ्यावी’ या वाक्यातून पालकांच्या हाती काहीच लागत नाही. सूचनेत वार, तारीख, वेळ, विषय, पाठ क्रमांक, सोबत आणायचे साहित्य आणि घरी परतण्याची वेळ असावी, आणि ती किमान आठ दिवस आधी जावी. कंपासपेटी, आलेखाचा कागद किंवा प्रकल्पासाठीचा कार्डशीट हे गावात मिळत नसेल तर आठ दिवसही कमी पडतात, कारण कोणीतरी तालुक्याला जाण्याची वाट पाहावी लागते.

मूल्यमापनाविषयी पालकांना वर्षाच्या सुरुवातीलाच बसवून समजावून सांगावे. आकारिक आणि संकलित हे दोन शब्द शिक्षकांच्या अंगवळणी पडले असले तरी घरी त्यांचा अर्थ लागत नाही. आकारिक म्हणजे दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय यांतून वर्षभर चालणारी नोंद आणि संकलित म्हणजे सत्राअखेरची परीक्षा, असे एका उदाहरणासह सांगावे. श्रेण्यांचा तक्ताही द्यावा : 91 ते 100 टक्क्यांना अ-1, 81 ते 90 ला अ-2, 71 ते 80 ला ब-1, 61 ते 70 ला ब-2, आणि पुढे उतरत्या क्रमाने. हा तक्ता हाती नसेल तर ब-2 पाहून ‘पोरगा काठावर निघाला’ असे वडिलांना वाटते आणि त्या दिवशी घरात जे घडते त्याची जबाबदारी काही अंशी आपल्यावर येते. शाळेच्या चाचण्या आणि राज्यस्तरावरून येणाऱ्या नियतकालिक मूल्यांकन चाचण्या यांतला फरकही एकदा सांगून टाकावा, कारण दोन्ही पाठोपाठ आल्या की एकच परीक्षा दोनदा का, असा प्रश्न हमखास येतो.

आठवीच्या पालकांसाठी वेगळी सभा ठेवणे श्रेयस्कर. शिक्षण हक्क कायद्यात 2019 मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आली, अनुत्तीर्ण मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली आणि महाराष्ट्राने 2023 मध्ये ती स्वीकारली. अनुत्तीर्ण मुलाला जादा मार्गदर्शन आणि निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षेची संधी द्यायची असते, आणि त्यातही तो उत्तीर्ण न झाल्यास त्याला त्याच वर्गात ठेवता येते. ‘आठवीपर्यंत नापास करत नाहीत’ ही समजूत अजून अनेक घरांत पक्की आहे, आणि ती निकालाच्या दिवशी मोडण्याऐवजी जूनमध्ये मोडलेली बरी. याच सभेत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेची माहिती द्यावी : शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व अनुदानित शाळांतील ज्या मुलांच्या पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत आहे त्यांना ती देता येते, आणि निवड झाल्यास नववी ते बारावी दरवर्षी 12,000 रुपये मिळतात. उत्पन्नाचा दाखला काढायला तहसीलच्या फेऱ्या होतात, म्हणून अर्जाची सूचना येण्याची वाट न पाहता कागदपत्रांची यादी आधीच द्यावी.

पालक सभेसाठी प्रत्येक मुलाची एक वही आणि तिच्यातली दोन पाने खुणा करून ठेवावीत, एक जूनचे आणि एक अलीकडचे. ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही’ हे वाक्य सर्वच पालकांनी सर्वच सभांत ऐकलेले असते. दोन पाने शेजारी ठेवून अक्षर, उदाहरणाची मांडणी किंवा शुद्धलेखन कुठे सुधारले आणि कुठे अडले हे दाखवले की पालक स्वतःच बोलू लागतात. मुलालाही शेजारी बसवावे. ज्या पालकांना दिवसा येता येत नाही त्यांच्यासाठी एक सायंकाळ आणि एक रविवार सकाळ राखून ठेवावी, आणि तरीही जे आले नाहीत त्यांना दुसऱ्याच दिवशी फोन करावा. तो फोन जाब विचारणारा नसावा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि समितीत निम्म्या महिला असाव्या लागतात, त्यांच्या बैठकीत महिन्याचे वेळापत्रक वाचून दाखवले तर वाडी-वस्तीवर ते तोंडी पसरते, आणि कुठली सूचना घरी कळलीच नाही हेही त्यांच्याकडूनच परत समजते.

अचानक येणाऱ्या सुट्टीची तयारी वेगळी करावी. अतिवृष्टीत जिल्हाधिकाऱ्यांनी सुट्टी जाहीर केली की त्याच सुमारास मागल्या वर्षीचे पत्रही फोनवर फिरू लागते. तेव्हा शाळेची सूचना फक्त मुख्याध्यापक किंवा वर्गशिक्षक यांच्याकडूनच येईल आणि तिच्यात त्या दिवसाची तारीख असेल, हे पालकांना आधी सांगून ठेवावे. साधा फोन असलेल्या घरांची यादी वर्गशिक्षक आणि दोन सहशिक्षक यांच्यात वाटून घेतलेली असली तर सकाळी अर्ध्या तासात सगळीकडे निरोप जातो. मूल शाळेत असताना पाऊस वाढला तर त्याला कोणाच्या ताब्यात द्यायचे, ती नावे संपर्क नोंदवहीतच असावीत.

निकालानंतर, शाळा सुट्टीसाठी बंद होण्यापूर्वी, ही नोंदवही पुढच्या इयत्तेच्या वर्गशिक्षकांकडे समोरासमोर बसून सोपवावी. कोणत्या घरी फोन संध्याकाळी सातनंतरच करावा, कोणती आजी आवाजी निरोप नातवाकडून ऐकून घेते, कोणाचे वडील सभेला येत नाहीत पण रविवारी हमखास भेटतात, हे शेऱ्यांच्या रकान्यात लिहिलेले असावे. व्हॉट्सॲप गट त्याच दिवशी बंद करावा आणि नवीन गट जूनमध्ये, क्रमांक पुन्हा एकदा विचारून, नव्यानेच तयार करावा.